सुंदरामावशीची जीभ

सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या सोसायटीत सुंदराबाईचं घर कोणी विचारलं, तर लोक घर दाखवत नसत, खानावळ दाखवत. दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी आणि पडवीत मातीनं लिंपलेल्या दोन चुली. घरात गॅस होता, पण तो चहापुरता. गॅसवर भाजी शिजते, मुरत नाही, असं सुंदराबाईचं ठाम मत होतं आणि तिच्या मतांना फाटे फोडायची कोणाची छाती नव्हती.

नवरा दगा शिंदखेड्याकडच्या खेड्यातून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आला, पाठीला लहानगा गजेंद्र बांधून तीही आली. सुरुवातीला गावातली तीन पोरं तिच्याकडे जेवायची. पुढे सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस ताटं होत होती. सगळे खान्देशातले, सगळे लूमवरचे. बारा-बारा तासांची पाळी करून कानात खडखडाट घेऊन यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. त्यांना काय हवं असे? गावाकडची तिखट शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेचा. पहिला घास गेला की माणसं बोलायला लागत, आणि मग गप्पा थेट गावाच्या पारापर्यंत जात.

ही सगळी करामत सुंदराबाईच्या जिभेची. पळीतला रस्सा ती डाव्या तळहातावर टाकायची, चाटायची आणि क्षणभर डोळे मिटायची. डोळे उघडले की निकाल तयार. मिठाचे चार खडे, अर्धी मूठ खोबरं, नाहीतर "उतार आते." मसाला भाजताना कोणाचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं, हेसुद्धा तिला कळायचं. या जिभेचा तिला गर्व होता, आणि तो ती झाकून ठेवत नसे. लग्नाच्या पंगतीत बसली की दुसऱ्या घासाला वरणात काय कमी पडलं ते मोठ्यानं सांगायची. म्हणून सोसायटीतल्या लग्नांत तिला आचाऱ्यापासून जितकं लांब बसवता येईल तितकं बसवत.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास गजेंद्रचं लग्न झालं आणि सुषमा घरात आली. मुलगी सुरतेतल्याच उधन्यात वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली. माणसं खान्देशची, पण जिभेवर सुरतेचं पाणी चढलेलं. बोलताना वाक्याच्या शेवटी हटकून 'ने' लावायची. सुंदराबाईनं पहिल्याच दिवशी कायदा सांगून टाकला. नव्या सुनेनं सहा महिने नुसत्या भाकरी थापायच्या, मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही. सुषमानं मान हलवली आणि रोज सव्वाशे भाकरी थापू लागली. तिच्या भाकरीला नाव ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे सासूनं त्याबद्दल काहीच म्हटलं नाही.

जेठ महिन्यात सुंदराबाईला ताप भरला. विषमज्वर निघाला. एकवीस दिवस बाई अंथरुणाला खिळली, त्यात जुलाब लागले आणि अंगावरचं मांस पाण्यासारखं वाहून गेलं. शेजारची शोभाबाई आणि सुषमा मिळून कशीबशी ताटं काढत होत्या. ताप उतरला, बाई भिंतीला धरून उठली आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढे येऊन बसली. रस्सा तळहातावर घेतला, चाटला, डोळे मिटले.

काहीच आलं नाही. गरम लागलं, ओलं लागलं, तिखटाची जराशी चुणचुण झाली. बाकी मीठ नाही, आंबट नाही, मसाला नाही. दोन वेळा चाटलं, चार वेळा चाटलं. मग मिठाचा खडाच तोंडात टाकला. तो नदीतल्या वाळूसारखा दातांखाली करकरला आणि विरघळून गेला.

तोंड आलं असेल, चार दिवसांत जाईल, असं तिनं मनाला समजावलं. चार दिवस गेले, पंधरा गेले. सांगायचं कोणाला? चाळीस माणसं जिच्या जिभेवर जेवतात तिनं जीभ गेली म्हणून सांगितलं, तर उरलं काय तिच्याकडे? शिवाय तिच्यापाशी एक बळकट आधार होता. दर श्रावणात खान्देशाच्या कानबाई देवीचे रोट होतात, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होते. देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत त्यातलं बोटभरही कोणी चाखत नाही. आयुष्यभर कानबाईचा स्वयंपाक तिनं न चाखता केला होता आणि कधी कमी-जास्त झालं नव्हतं. मग रोजची भाजी का जमू नये? हात तर शाबूत आहे.

इथं ती चुकली. कानबाईच्या दिवशी मन निवांत असतं, देवी सांभाळून घेईल असा भरवसा असतो. रोजच्या चुलीपुढे मात्र तिला शंका खाऊ लागली. मीठ टाकलं की नाही? टाकलंच असेल. की कालचं आठवतंय? एकदा या शंकेत तिनं शेवभाजीला दोनदा मीठ टाकलं. त्या संध्याकाळी खानावळीत कोणी गावाच्या पारापर्यंत गेलं नाही. माणसं माना खाली घालून भाकरी मोडत होती. साक्रीकडचा धुडकू, सगळ्यांत जुना गिऱ्हाईक, चौथ्यांदा पाणी मागून म्हणाला, "मावशी, आज तहान भलती लागी ऱ्हायनी." एवढंच. तिला त्या रात्री जेवण गेलं नाही. तसंही जेवणात जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नवऱ्याला सांगावं असं बरेचदा मनात आलं. पण वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून दगाचे कान कामातून गेले होते. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून तो ओरडून बोलायचा. त्याच्याशी कुजबुजणं म्हणजे चौकात लाऊडस्पीकर लावणं. म्हणून तिनं गप्प राहायचं ठरवलं.

पण सुषमाला कळलं. एका सकाळी तिनं चहात साखरेच्या जागी मीठ टाकलं. दोन्ही डबे एकसारखे, घाईची वेळ, झालं. स्वतःचा पहिला घोट तिनं मोरीत थुंकला आणि सासूचा कप परत घ्यायला धावली, तर सुंदराबाईनं बशी पुसून खाली ठेवली होती.

"आई," सुषमा बिचकत म्हणाली, "चहा कसा झाला?"

सुंदराबाईला अधिकार तर गाजवायचा होता. तिनं ओठ मुडपले. "साखर जराशी कमी शे," ती म्हणाली.

सुषमा तिच्याकडे बघत राहिली. मग कप-बशी घेऊन आत गेली आणि कोणाला काही बोलली नाही. हसली नाही, नवऱ्यालाही सांगितलं नाही. हे पोरीचं मोठेपण, आणि सुंदराबाईला ते तेव्हा कळलं नाही. दुपारी भाजीला उकळी आली तशी सुषमा भाकरीच्या पिठाचे हात धुऊन चुलीजवळ आली, पळीतला रस्सा हातावर घेऊन चाखला आणि हळूच म्हणाली, "मीठ अजून थोडं चालेल ने." सुंदराबाई ताडकन वळली. दोघींची नजरानजर झाली. सुंदराबाईनं मिठाचा डबा तिच्या हातात दिला, आणि कायदा तिथंच मोडला.

आता खानावळ सुषमाच्या जिभेवर चालू लागली. मिठाचा घोळ मिटला, पण दुसरंच सुरू झालं. सुषमाच्या जिभेला ज्याची सवय, तेच ती बरोबर म्हणणार. वरणात तिला गुळाचा खडा हवासा वाटायचा. भाजीला ती म्हणायची, "तिखट फार आहे, जरा बेलन्स करू ने." आठवड्याभरात शेवभाजीचा लालभडक तवंग फिका पडला. लूमवरची माणसं बोटं चाटून एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी विचारलं, मावशी, सून गुजराती केली का? धुडकू तर ताटावर बसताना म्हणाला, "आज काय, उंधियू का?" सगळे हसले. सुंदराबाईही हसली आणि पडवीत येऊन पदरानं डोळे पुसले. माणसं गावाची चव खायला तिच्या दारात येत होती, आणि तिच्याच चुलीवरून ती चव निघून चालली होती. तिला ते थांबवता येत नव्हतं, कारण गेलेलं काय तेच तिला लागत नव्हतं.

अखेर तिनं दगाला सांगितलं. माणसं पंगतीला बसायच्या आधी त्याला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"काय?" दगा गरजला. "चव लागस नही? कव्हयपासून?"

"हयू बोला, बाहेर लोके शेतस."

"काहीच लागस नही? मीठबी नही?"

बाहेर ताटांचा आवाज थांबला. सुंदराबाईनं दार उघडलं तेव्हा अठरा माणसं तिच्याकडे बघत होती. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धुडकू उठला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि नेहमीची थट्टा बाजूला ठेवून म्हणाला, "मावशी, पहिलेच सांगनं व्हतं ना. आम्ही काय परके शेतस?"

त्या दिवसापासून दोन-तीन दिवस गिऱ्हाइकंच चाखायला येऊ लागली. पाळी सुटली की हातपाय धुऊन आधी चुलीशी. साक्रीचा म्हणायचा खोबरं वाढव, शहाद्याचा म्हणायचा खोबऱ्यानंच वाटोळं झालं. एकदा तर पातेलं निवलं तरी दोघांचं मिटेना. दगानं ते बघितलं आणि रात्रीच्या जेवणानंतर बायकोला म्हणाला, "गजेंद्रनी माय, आते पुरे. दिवाईले गावले जाऊत. खानावळ पोऱ्हे चालाडतीन, नहीतर बंद करतीन. तू आराम कर."

त्याचं मन चांगलं होतं. पण सुंदराबाईला ते नको होतं. गावाला जाऊन काय करणार? ओट्यावर बसणार आणि लोक म्हणणार, ही दगाची बायको, सुरतेला हिच्या हाताला फार चव होती. होती. त्या एका शब्दाची तिला धास्ती बसली. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते. तोपर्यंत जीभ आली नाही तर मी स्वतः पळी खाली ठेवते.

दुसऱ्या दिवशी सुषमा तिला रिक्षात घालून उधन्याला घेऊन गेली. तिच्या माहेराजवळ डॉक्टर जरीवाला म्हणून एक वयस्क बाई होत्या. पांढरे केस, सुती साडी, दवाखान्यात दोन बाकडी. कामगार वस्तीत तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना मोडकं मराठी येत होतं आणि ते बोलायला त्यांना आवडायचंही. त्यांनी सुंदराबाईला डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या बोळ्यानं जिभेवर एकेक पाणी टेकवलं. साखरेचं, मिठाचं, लिंबाचं, कडूचं. सुंदराबाई प्रत्येक वेळी "पाणी" म्हणाली. हिंगाची डबी नाकाशी धरली तर मात्र तिनं लगेच हिंग ओळखला, वर हलका आहे असंही सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या.

मग त्यांनी तिचा हात बघितला. बोटाला विळीनं कापलं होतं, ती जखम महिना झाला तरी ओली होती. केस गळतात का, विचारलं. गळत होते. मग विचारलं, "बेन, तू काय खाते?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायची सुंदराबाईला सवय नव्हती. चाळीस ताटं उठली की जे उरेल ते. पातेल्याच्या तळाचा रस्सा, गार भाकरी, त्याच्यासोबत कपभर चहा. तापानंतर तर रस्साही नको वाटायचा, भाकरी चहात बुडवून पोटात ढकलायची.

"चाळीस माणूस जेवून जाते अने रांधणारी भुकी?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुझ्या अंगात जसत कमी पडलं असेल. ताप आला, जुलाब झाले, त्यात आणखी गेलं. जिभेला चव लागायला ते जरा-जरा लागतं."

"जस्त?" सुंदराबाई म्हणाली. "जस्ती बादलीवालं?"

"तेच. पण बादली नाही खायची."

त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या. रोज एक, जेवण झाल्यावर, पाण्यासोबत. चहाबरोबर नाही, चहा दोन तासांनी. खाण्यात डाळ, शेंगदाणे, तीळ, चालत असेल तर अंडं. आणि जेवायचं सगळ्यांबरोबर, गरम, पहिल्या पंगतीला. रक्तातलं जस्त मोजायची सोय इथं नाही, मुंबईला पाठवावं लागेल, त्यापेक्षा दोन महिने देऊन बघू, असं त्या म्हणाल्या. सुषमानं विचारलं, नक्की येईल ने चव? डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. "कोणाला येते, कोणाला नाही येत. तापानं गेलेली चव कधी आपोआप पण येते. पण तिची जखम भरत नाही, ती पण जसत कमी असल्याची खूण, म्हणून मला आशा वाटते."

घरी आल्यावर दगानं सगळं ओरडून विचारून घेतलं आणि ओरडूनच सांगितलं, की जस्तच पाहिजे तर मोरीतली बादली उकळून पी, कॅप्सूल कशाला. सोसायटीला दोन दिवस हसायला पुरलं. पण सुंदराबाईनं कॅप्सूल मनावर घेतली होती. रोज दुपारी घ्यायची, देवाचं नाव घेऊन.

तिसऱ्या दिवशी शोभाबाई आली, पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाली, "श्रावणात हे कसं चाललं तुमचं?"

"का?"

"याचं वरचं टरफल हाडाचं असतं. मी कामाला जाते तिथल्या शेठाणीनं सांगितलं. ती जैन आहे, ती असल्या गोळ्यांना हात लावत नाही."

सुंदराबाईच्या अंगावर काटा आला. एरवी घरात कोंबडी-मटण चालायचं, पण श्रावणात अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि इथं ती देवाचं नाव घेऊन हाडं गिळत होती. औषध सोडावं तर दिवाळी जवळ येतेय, घ्यावं तर श्रावण बुडतोय. तिनं तिच्या परीनं मधला मार्ग काढला. कॅप्सूल दोन बोटांत धरून उघडली, टरफल फेकून दिलं आणि आतली पांढरी पूड तळहातावर घेऊन चाटून टाकली. काही लागलं नाही. वरून तांब्याभर पाणी प्याली.

श्रावण संपला तेव्हा सुषमा म्हणाली, आता तरी गिळा ने. पण पुढे गणपती होते. गणपती गेले तर पितृपक्ष लागला. सणवार एकामागून एक होते आणि सुंदराबाईला त्यांच्यात टरफल गिळायला जागा सापडेना. रोज दुपारी ती तळहातावर पूड घ्यायची, चाटायची, आणि रोज काही लागायचं नाही. आशेनं सुरू झालेली गोष्ट सवय होऊन बसली. जखम मात्र भरून आली. अंगात थोडी ताकद आली, कारण सुषमा तिला पहिल्या पंगतीला बसवल्याशिवाय ऐकत नसे. सासूच्या ताटात मुठीनं शेंगदाणे टाकायची, डाळ घट्ट वाढायची. आणि घरच्यांचं जेवण आता तीच रांधायची.

"कसं झालं आई?" ती कधी कधी विचारायची. सुरुवातीला रोज विचारायची.

"पोट भरस," सुंदराबाई सांगायची. खोटं कशाला बोलायचं? सुषमा ताट उचलून आत जायची. नंतर नंतर तिनं विचारणं सोडून दिलं. नवी नवरी, लग्नानंतर पहिल्यांदाच हातात पळी आलेली, आणि घरातलं एकच माणूस असं की ज्याच्या तोंडून शब्द ऐकावा असं तिला वाटावं, नेमकं त्याच माणसाला काही लागत नव्हतं. खानावळीतले तर तिच्या वरणाला हसतच होते. सुषमाला काय वाटत असेल, हा विचार सुंदराबाईच्या मनात आला नाही असं नाही, पण तिच्या स्वतःच्या दुःखाला त्यावेळी फार जागा लागत होती.

पितृपक्षातली गोष्ट. दुपारची ताटं उठली होती. सुंदराबाई मोरीच्या कडेला बसली, कॅप्सूल उघडली, पूड तळहातावर घेतली आणि चाटली. चाटली आणि तोंड वाकडं केलं. कडू, तुरट, गंजलेला खिळा तोंडात धरल्यासारखं काहीतरी घाणेरडं जिभेच्या मुळापर्यंत गेलं. तिनं थू करून थुंकलं, चूळ भरली, तरी जाईना.

"सुषमा," ती ओरडली, "हाई बघ, गोळी खराब निंघी. कडू लागी ऱ्हायनी."

सुषमा आतून धावत आली. दारात थबकली. "कडू?" ती म्हणाली. "आई, कडू लागली?"

सुंदराबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग तिनं जे केलं ते बघून कोणालाही वाटलं असतं बाईचं डोकं फिरलं. तळहाताला चिकटलेली उरलेली पूड तिनं पुन्हा चाटली. पुन्हा तोंड वाकडं केलं. पुन्हा चाटली. ती रडत होती आणि हसत होती, आणि सुषमा तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. इतक्या घाण चवीसाठी इतकं आनंदानं कोणी रडलं नसेल.

दोघी दुसऱ्याच दिवशी उधन्याला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी टरफलाची सगळी हकिकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. टरफल जनावराच्या हाडा-कातड्याचंच असतं, ते खरं, असं त्या म्हणाल्या. "पण मला विचारायचं होतं. साधी गोळी पण मिळते. आणि ही पूड अशी चाटायची नसते, पोटात मळमळ होते." मग त्यांनाही हसू आलं. "पण रोज चाटत होती म्हणून तुला पहिल्या दिवशीच समजलं. जीभ उठली तुझी. आता गोळी गीळ अने धीर धर, सगळं एकदम नाही येत."

सगळं एकदम आलं नाही. आधी कडू-तुरट आलं, मग आंबट. घटस्थापनेला ताकाचा घोट घेऊन ती दचकली. मीठ आलं, पण पुसट, भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं. काही दिवस सगळ्यालाच लोखंडाचा वास मारायचा. ती रोज चुलीपुढे तळहात चाटून बघायची आणि रोज काल होतं त्यापेक्षा काहीतरी जास्त हाती लागायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं शेवभाजी टाकली. सुषमाला लांब बसायला सांगितलं. डोळे मिटले, उघडले, लाल तिखट अर्धी पळी जास्त, खोबरं तेवढंच, मिठाचे सहा खडे. त्या संध्याकाळी धुडकूनं पहिला घास घेतला आणि हात तसाच ताटावर धरला. मग म्हणाला, "मावशी, घर उनं." त्या एका घासात त्याला घर आलं होतं. दगा कोपऱ्यातून ओरडला, दिवाळीच्या गाडीची तिकिटं काढू नका म्हणून. कोणी काढणार नव्हतंच.

सुषमा त्या दिवशी चुलीपासून लांबच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी न सांगता पुन्हा भाकरी थापायला बसली. मसाल्याचा डबा तिनं सासूच्या हाताशी सरकवून ठेवला होता.  तिचं काम झालं होतं.

लूमना आठवड्यातून एक दिवस सुट्टी, त्या दिवशी खानावळ बंद असे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला दुपारी सुंदराबाई बाजारातून दमून आली तर सुषमानं घरच्यांपुरती खिचडी-कढी केली होती. तुरीची डाळ घालून मऊ खिचडी, वर कडकडीत लसणाचं तेल, आणि सुरतेकडची पातळ कढी. ताट पुढ्यात आलं. सुंदराबाई सवयीनं जेवायला बसली, सवयीनं घास कालवला, तोंडात टाकला आणि चावायची थांबली.

खिचडीत हळद होती, हिंग होता, डाळ बरोबर अर्धी मोडलेली होती. लसूण करपायच्या एक क्षण आधी काढलेला. कढीत गूळ होता, पण तो पुढे पुढे करत नव्हता, आंबटाच्या मागे उभा होता. हे तिच्या हातचं नव्हतं. तिच्या सासूच्या, आईच्या हातचंही नव्हतं. हे तिनं आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की खाल्लं होतं. श्रावणापासून आजपर्यंत जवळजवळ रोज खाल्लं होतं. ताटात शेंगदाण्याची मूठ पडत होती, गरम भाकरी पडत होती, ती भरल्या घरात दोन महिने या पोरीच्या हातचं जेवत होती, आणि तोंडावर तिला सांगत होती, पोट भरतं.

तिला स्वतःची लाज वाटली. जीभ गेली म्हणून ती इतकी रडली होती, आणि जे हुकलं त्यात हेही होतं हे तिला माहीतच नव्हतं. आपली चव परत मिळावी एवढंच तिनं देवाजवळ मागितलं होतं. दुसऱ्या कोणाची तरी चव इतके दिवस तिच्या ताटात वाट बघत बसली होती.

सुषमा भिंतीशी उभी होती. तिनं काही विचारलं नाही. विचारायची सवय तिनं कधीच सोडली होती.

"बठ," सुंदराबाई म्हणाली.

"तुम्ही जेवा ने, मी मागून..."

"बठ म्हणनू ना. आठे, मना जोडे." सुषमा घाबरून बसली. सुंदराबाईनं तिचा हात हातात घेतला. भाकरी थापून थापून तळवा राठ झाला होता. ती म्हणाली, "दोन महिना तुना हातनं खादं, बेटा. चव माले आज समजनी."

 सुषमानं तोंड पदरात लपवलं आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडू लागली. दगा बाजूला जेवत होता. "काय व्हयनं?" त्यानं ओरडून विचारलं. "खिचडीमा मीठ जास्त शे का?"

"नही," सुंदराबाई म्हणाली, आणि ताटातली खिचडी संपवून तिनं रिकामं ताट सुनेपुढे धरलं. "आखो वाढ."